फळ्यावर ४३५०, पट्टीत ४३००: ‘दर’ नावाच्या एका व्हेरिएबलचं प्रकरण

हे प्रकरण दर्यापूर तालुक्यातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीच्या खरेदी केंद्रावरचं, २०२४ च्या सोयाबीन हंगामातलं. कंपनीचं, गावाचं, माणसांचं नाव मुद्दाम दिलेलं नाही आणि हिशेब चटकन डोक्यात बसावा म्हणून आकडे गोल केले आहेत. शेतकऱ्याच्या मालाची पट्टी काढणारा प्रोग्राम पायथन या भाषेत लिहिलेला होता. त्याच्या कोडची रचना मात्र होती तशीच आहे. फाइलीत सगळी नावं रोमन अक्षरांत होती, मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत टाइप करतात तशी. इथे ती नावं आणि पायथनचे स्वतःचे शब्दही देवनागरीत लिहिले आहेत. चालवून पाहायचं असेल तर पायथनचे शब्द रोमन लिपीत आणि आकडे साध्या इंग्रजी अंकांत घाला, कारण कोडमध्ये थेट लिहिलेले देवनागरी अंक पायथन स्वीकारत नाही.

तक्रार अशी. दुपारी एकच्या सुमारास, जिथे माल जायचा त्या कारखान्यातून फोन आला की भाव क्विंटलला ५० रुपयांनी वाढला. हिशेब सांभाळणाऱ्या ताईंनी कॉम्प्युटरवर ‘भाव’ हा पर्याय घेऊन ४३५० टाकले. बाहेरच्या फळ्यावर खडूने ४३५० लिहिलं गेलं. स्क्रीनवरही ‘आजचा भाव ४३५०’ दिसायला लागलं. त्यानंतरच्या पहिल्याच शेतकऱ्याचा माल आठ क्विंटल, चांगला वाळलेला. पट्टी निघाली ३४,४०० रुपयांची.

म्हाताऱ्याने काट्याजवळच उभ्या उभ्या तोंडी हिशेब केला. “बाई, फळ्यावर त्रेचाळीसशे पन्नास लिहू राह्यले, अन् पट्टीत त्रेचाळीसशेच काऊन?”

“मशीन काढते काकाजी, मी नाही.”

ताईंनी नोंद पुन्हा भरली, तीच रक्कम. प्रोग्राम बंद करून चालू केला, नवा भाव पुन्हा टाकला, तरी तीच रक्कम. कॅल्क्युलेटरवर मात्र ३४,८००. संध्याकाळपर्यंत निघालेल्या सगळ्या पट्ट्या जुन्या भावाच्या होत्या.

त्या वर्षी सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये होता आणि खुल्या बाजारातला भाव त्याच्या बराच खाली. सरकारी केंद्रावर १२ टक्के ओलाव्याची अट, ती नोव्हेंबरच्या मध्यावर १५ पर्यंत सैल झाली. तोपर्यंत अनेकांनी गरजेपोटी मिळेल त्या भावाला माल मोकळा केला होता. अशा हंगामात क्विंटलमागे पन्नास रुपये कापले गेले तर त्याला कोणी ‘कॉम्प्युटरची चूक’ म्हणत नाही, त्याला सरळ काटा मारणं म्हणतात. आणि कंपनी तर ‘आमचा हिशेब उघडा’ एवढ्याच भांडवलावर उभी होती.

प्रोग्राम लिहिणारा पोरगा गावातलाच, अमरावतीला बीसीए झालेला. कॉलेजात सी ही भाषा शिकला, पायथन मोबाइलवर. दिवाळीला मी गावी होतो, म्हणून लॅपटॉप घेऊन घरी आला.

त्या दिवशी चालू असलेली फाइल, बिनकामाच्या ओळी वगळून, अशी होती (ओलावा बाराच्या वर गेला तर जादा टक्क्यामागे ४३ रुपये कट):

दर = ४३००

डेफ पट्टी(नोंद, दर=दर):
    इफ नोंद.ओलावा > १२:
        दर = दर - (नोंद.ओलावा - १२) * ४३
    रिटर्न नोंद.क्विंटल * दर

व्हाइल ट्रू:
    काम = विचारा()
    इफ काम == 'भाव':
        दर = इंट(इनपुट('नवा भाव: '))
    एल्स:
        नोंद = नोंद_घ्या()
        प्रिंट('आजचा भाव', दर)
        प्रिंट('रक्कम', पट्टी(नोंद))

“दादा, वरचा दर बदलला की खालचाही बदलाले पाहिजे ना? नाव तर एकच आहे.”

नाव एकच आहे, पण दर दोन आहेत, म्हणजे किंमत ठेवायच्या जागा (व्हेरिएबल) दोन. एक फाइलीच्या पातळीवरचा, म्हणजे ग्लोबल. दुसरा पट्टी या फंक्शनच्या, म्हणजे नाव देऊन बांधलेल्या आणि हवा तेव्हा बोलावता येणाऱ्या कोडच्या तुकड्याच्या, आतला. तो त्याचा पॅरामीटर, म्हणजे बोलावताना फंक्शनला जे द्यायचं त्याचं आतलं नाव. फंक्शनच्या आत ‘दर’ म्हटलं की पायथन आधी आतल्या नावांत शोधतो. तिथे नसेल तर फंक्शनला वेढणारं दुसरं फंक्शन असल्यास त्यात, मग फाइलीच्या पातळीवर आणि शेवटी पायथनच्या अंगभूत नावांत. पहिल्या ठिकाणी सापडलं की पुढे जात नाही. घरात ‘बापू’ म्हणून हाक मारली तर घरातलाच बापू ओ देतो, पारावरच्या बापूपर्यंत ती हाक पोचत नाही. तो बापू तिथे असतोच, फक्त झाकला जातो. पायथनवाले याला शॅडोइंग म्हणतात.

एवढ्याने अर्धंच उत्तर मिळतं. आतल्या दरात ४३०० आले कुठून आणि तिथेच का थांबले? सगळी मेख ‘दर=दर’ या तुकड्यात आहे. बरोबरच्या चिन्हाच्या डावीकडचा दर हे पॅरामीटरचं नाव आहे. उजवीकडचा दर म्हणजे बाहेरच्या दराची किंमत, बोलावताना दर दिला नाही तर लागणारी (हिलाच डिफॉल्ट म्हणतात), आणि ती घेतली जाते फंक्शन बांधणारी डेफची ओळ चालते त्या क्षणी, एकदाच. फंक्शन बोलावताना पायथन ती पुन्हा विचारत नाही. प्रोग्राम सुरू होतानाच डेफ चालला, तेव्हा बाहेर ४३०० होते, ते फंक्शनला कायमचे चिकटले. दुपारी ताईंनी बाहेरचा दर ४३५० केला. स्क्रीनवरची ‘आजचा भाव’ ही ओळ बाहेरच्या दरावरून छापली जाते, म्हणून तिथे ४३५०. रक्कम आतल्या दरावरून निघते, म्हणून ४३००. प्रोग्राम बंद करून चालू केल्यानेही काही होणार नव्हतं, कारण फाइलीच्या पहिल्या ओळीत ४३०० लिहिलेले होते आणि डेफ पुन्हा तेच उचलत होता.

पायथन शिकताना ‘डिफॉल्टमध्ये रिकामी यादी देऊ नका’ हा धडा सगळ्यांना मिळतो. त्यामागचा नियम हाच, डिफॉल्ट किंमत एकदाच काढली जाते. फक्त यादीचं उदाहरण पाठ झालेल्या माणसाला साध्या आकड्यात तो नियम ओळखू येत नाही.

जाता जाता, त्या ४३ कडेही पाहून घ्या. तो त्रेचाळीसशेचा एक टक्का आहे, हाताने लिहिलेला. भाव ४३५० झाला की कट ४३.५० व्हायला हवा. ही चूक शॅडोइंगची नाही, पण ‘एक भाव, अनेक जागा’ हीच खोड तिच्यातही आहे.

मग ‘दर=दर’ असं विचित्र काही त्याने लिहिलंच का? त्याचं उत्तर त्याच फोल्डरमध्ये होतं. कोडमधले जुने-नवे बदल जपणारं गिट वगैरे काही नव्हतं. पट्टी, पट्टी_नवी, पट्टी_नवी२, पट्टी_फायनल अशा प्रती होत्या, आणि त्या क्रमाने उघडल्या तर सगळी कहाणी वाचता येत होती.

पहिल्या प्रतीत फंक्शनच नव्हतं:

दर = ४३००
फॉर नोंद इन नोंदी:
    इफ नोंद.ओलावा > १२:
        दर = दर - (नोंद.ओलावा - १२) * ४३
    रक्कम = नोंद.क्विंटल * दर

हंगामाच्या सुरुवातीचे दिवस कोरडे गेले. येईल तो माल बारा टक्क्यांच्या आत, त्यामुळे इफच्या आतली ओळ कधी चाललीच नाही. परतीचा पाऊस आला आणि ओले कट्टे काट्यावर यायला लागले. समजा त्या दिवशी चार जण ओळीत आहेत. पहिल्याचा ओलावा ११, त्याला ४३०० चा भाव. दुसऱ्याचा १४, त्याला ८६ कापून ४२१४. इथवर बरोबर. तिसऱ्याचा पुन्हा ११, त्याला ४३०० मिळायला हवेत, मिळतात ४२१४. चौथ्याचा १३, त्याचा हक्क ४२५७ चा, हातात पडतो ४१७१. प्रत्येक ओला कट्टा मागून येणाऱ्या सगळ्यांचा भाव पाडत जातो. केंद्रावर त्याच संध्याकाळी बोलणं सुरू झालं की मांगून आला त्याले कमी भाव, हे कोणतं गणित?

पोराच्या डोक्यात काय होतं ते समजण्यासारखं आहे. तो सी शिकलेला. सीमध्ये महिरपी कंसाच्या आत नवं व्हेरिएबल जाहीर केलं की ते त्या कंसापुरतंच जगतं, बाहेरच्या त्याच नावाच्या व्हेरिएबलला धक्का लागत नाही. त्याला वाटलं लूपच्या, म्हणजे प्रत्येक नोंदीला पुन्हा चालणाऱ्या तुकड्याच्या, आतला दर त्या नोंदीपुरता आहे. पायथनमध्ये फॉर, इफ, व्हाइल, विथ यांपैकी कोणीही नावांसाठी वेगळं कुंपण घालत नाही. कुंपण घालतात फंक्शन, लॅम्डा (बिननावाचं छोटं फंक्शन), क्लास (वस्तूंचा साचा) आणि कॉम्प्रिहेन्शन (एका ओळीत यादी काढायची रीत). शिवाय पायथनमध्ये व्हेरिएबल जाहीर करायची वेगळी पद्धत नाही. ‘दर =’ लिहिलं की नवं व्हेरिएबल झालं की जुन्यावर लिहिलं गेलं, हे ओळीकडे बघून कळत नाही, ओळ कुठे आहे त्यावरून ठरतं.

म्हणून काटेकोरपणे बोलायचं तर पहिल्या प्रतीत शॅडोइंग नाहीच. तिथे नाव एक, कुंपण एक, आणि जुनी किंमत पुसून नवी लिहिली गेली. शॅडोइंगमध्ये दोन व्हेरिएबलं एकाच वेळी जिवंत असतात. कपाळाला हात लावायला लावणारी गोष्ट अशी की दोन्हींत ओळ अक्षरशः तीच असते. ‘दर = दर - ...’ ही ओळ लूपमध्ये ठेवली तर पुसते, फंक्शनात ठेवली तर नवं नाव तयार करायला जाते. कोड इकडून तिकडे हलवला आणि एक अक्षरही बदललं नाही तरी अर्थ बदलतो.

दुसऱ्या प्रतीत त्याने तेच केलं. कोणीतरी सांगितलं, फंक्शन कर. त्याने लूपचं पोट उचलून ‘डेफ पट्टी(नोंद)’ च्या खाली ठेवलं. प्रोग्राम पहिल्याच नोंदीला पडला: अनबाउंडलोकलएरर. गंमत म्हणजे पहिली नोंद कोरडी होती आणि चूक दाखवली होती रिटर्नच्या ओळीवर, जिथे दराला कोणी हातच लावलेला नाही. कारण पायथन फंक्शन चालवण्याआधी ते पूर्ण वाचून ठरवतो: या फंक्शनात कुठेही, अगदी कधीच न चालणाऱ्या इफच्या आतही, दराला किंमत दिली असेल तर दर हे पूर्ण फंक्शनभर आतलं नाव. मग रिटर्नच्या ओळीवर तो आतल्या दराची किंमत शोधतो आणि त्याला अजून किंमतच मिळालेली नसते. बाहेर ४३०० उघड दिसत असतात, पण त्याला तिकडे बघायची मुभा राहिलेली नसते.

केंद्रावरचा कॉम्प्युटर विंडोज ७ वाला. त्यावर पायथन ३.८ च्या पुढचं चढत नाही, आणि ३.८ चा आधारही ऑक्टोबर २०२४ मध्येच संपला. तिथे संदेश जुना येतो, की लोकल व्हेरिएबल किंमत देण्याआधीच वापरलं. ३.११ पासून शब्दरचना बदलली आहे. दोन्हींचा रोख एकच, पण पोरगा मोबाइलवर एक संदेश बघत होता, केंद्रावर दुसरा, आणि त्याला वाटलं दोन वेगळ्या चुका आहेत.

तिसऱ्या प्रतीत इंटरनेटवरून आणलेला इलाज होता, फंक्शनच्या पहिल्या ओळीत ‘ग्लोबल दर’. एरर गेला. पण ग्लोबल म्हटल्यावर आतला दर म्हणजे बाहेरचाच दर, आणि ओला कट्टा आला की बाहेरचा दर पुन्हा कमी होत जाणार. म्हणजे पहिल्या प्रतीतला रोग जसाच्या तसा परत, फक्त फंक्शनच्या पोशाखात. या अवस्थेबद्दल मला थोडं कडक बोलायचं आहे. अनबाउंडलोकलएरर हा पायथनने विचारलेला प्रश्न असतो, की बाबा, तुला कोणता दर म्हणायचा आहे? ग्लोबल लिहून त्या प्रश्नाला उत्तर दिलं जात नाही, तो बंद केला जातो. आत कुठेही किंमत बदलत असेल तर ग्लोबलने गप्प केलेला एरर जवळपास हमखास आकड्यात उगवतो.

चौथी प्रत म्हणजे ‘दर=दर’. ती त्याने ओल्या-कोरड्या नोंदी मिसळून तपासली आणि रकमा बरोबर आल्या. याचं श्रेय त्याला द्यायला हवं. प्रत्येक खेपेला आतला दर नव्याने ४३०० पासून सुरू होत होता, म्हणून एकाचा कट दुसऱ्याला लागत नव्हता. शॅडोइंगनेच पहिला रोग बरा केला. पुढचे काही दिवस दिवसाच्या मध्ये भाव बदलला नाही, म्हणून या प्रतीतली खोट कोणाच्या नजरेस पडली नाही. बदलला त्या दुपारी दिसली.

जी आरडाओरडा करते ती

त्याच फोल्डरमध्ये शॅडोइंगचा आणखी एक नमुना निघाला, आणि तो घडून गेला हे पोराशिवाय कोणाला कळलंही नव्हतं. वजनासाठी त्याने ‘माप’ हे नाव ठेवलं होतं. रोमन अक्षरांत माप लिहिलं की ते पायथनच्या अंगभूत मॅप फंक्शनचं नाव होतं, हुबेहूब. वरच्या भागात माप = ५२.४ आणि खाली कुठेतरी फाइलीतल्या आकड्यांची ओळ वाचायला मॅप फंक्शनची हाक. पायथनला फाइलीच्या पातळीवर ५२.४ सापडले, अंगभूत नावांपर्यंत तो गेलाच नाही, आणि ओरडला: टाइपएरर, फ्लोट (दशांश आकडा) काही बोलावता येत नाही. पोराने नाव बदलून ‘किलो’ केलं, विषय संपला. ‘डेल’ लिहून ते नाव काढून टाकलं असतं तरी चाललं असतं, कारण अंगभूत मॅप कुठे गेला नव्हता, फक्त झाकला गेला होता.

नावं सरळ देवनागरीतच ठेवली तर, असं त्याने विचारलं. पायथन ३ मध्ये ठेवता येतात, आणि मग अंगभूत नावांशी टक्कर होण्याचा प्रश्नच मिटतो. पण दराची दराशी टक्कर देवनागरीतही होणारच. शिवाय ‘एकूण’ आणि ‘एकुण’ ही पायथनला दोन वेगळी नावं आहेत. आपल्याकडे ऱ्हस्व-दीर्घ किती काटेकोर असतं ते सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून तो विचार तिथेच सोडला.

पायथनच्या धड्यांत शॅडोइंगचा इशारा बहुतेक वेळा लिस्ट, सम, मॅक्स, आयडी, इनपुट यांसारख्या अंगभूत नावांवरच येऊन थांबतो. टाळावीत हे खरंच, पण ती टक्कर बहुधा लगेच ओरडते, कारण फंक्शनच्या जागी आकडा किंवा यादी आलेली असते. दराच्या जागी दर आला तर आकड्याच्या जागी आकडाच येतो. प्रकार तोच, आवाका तोच, क्विंटलने गुणलं की दिसायला रास्त रक्कम. पायथनला तक्रार करायला जागाच उरत नाही. केंद्रावर ती तक्रार एका म्हाताऱ्याने केली, आणि त्याने तोंडी गुणाकार केला नसता तर हंगाम तसाच गेला असता.

दुरुस्ती

पहिला प्रश्न नावांचा होता. पोराने सुचवलं दर१ आणि दर२. ते नको म्हटलं. दर१ आणि दर२ मध्ये कोणता फळ्यावरचा हे महिन्याभराने त्यालाही सांगता आलं नसतं. ताईंना विचारलं, तुम्ही शेतकऱ्याशी बोलताना काय म्हणता? त्या म्हणाल्या, एक फळ्याचा भाव आणि एक कट जाऊन हाती येणारा. नावं तिथूनच उचलली.

ओलावा_मर्यादा = १२

डेफ पट्टी(क्विंटल, ओलावा, फळा_भाव):
    जादा = मॅक्स(०, ओलावा - ओलावा_मर्यादा)
    हाती_भाव = फळा_भाव - फळा_भाव * जादा / १००
    रिटर्न हाती_भाव, क्विंटल * हाती_भाव

यात कोणत्याही नावाला दुसऱ्यांदा किंमत मिळत नाही. फळा_भाव आत आला तो तसाच राहतो, कापलेला भाव वेगळ्या नावाने जन्माला येतो. डिफॉल्ट काढून टाकला, म्हणून भाव न देता पट्टी काढायला गेलं तर टाइपएरर येईल, गुपचूप कालचा भाव लागणार नाही. आणि कापलेला भाव रकमेसोबत परत येतो. पट्टीवर छापला जातो तो हाच, ज्याने गुणाकार झाला तोच. छापायला एक व्हेरिएबल आणि गुणायला दुसरं, ही सोय मुळातच बंद केली. कट आता फळा_भावाचा टक्का म्हणून निघतो, त्यामुळे तो ४३ ही गेला. ४३५० च्या भावाला १४ टक्के ओलावा असेल तर ८७ कापून ४२६३.

खरी महत्त्वाची दुरुस्ती मात्र नावांची नाही, असं माझं मत. व्हाइलचा सगळा लूप उचलून ‘मुख्य’ नावाच्या फंक्शनात टाकला आणि फाइलीच्या पातळीवर फक्त ओलावा_मर्यादेसारखी न बदलणारी नावं ठेवली. याचा फायदा पहिल्या नजरेला दिसत नाही. फाइलीच्या पातळीवर फळा_भाव नावाचं काही उरलंच नाही, म्हणून उद्या कोणी नवं फंक्शन लिहिताना पॅरामीटर द्यायला विसरला तर पायथनला बाहेर काही सापडणार नाही आणि नेमएरर येईल. आधीच्या रचनेत बाहेर नेहमीच एखादा दर वाट बघत बसलेला असायचा, विसरलेल्या माणसाला तो आयता मिळायचा. झाकलं जाण्याजोगं नावच बाहेर ठेवलं नाही तर झाकणार काय?

तपासण्या दोन लिहिल्या, दोन्ही या प्रकरणातूनच निघालेल्या. पहिली: त्याच नोंदी सुलट क्रमाने आणि उलट क्रमाने द्या, प्रत्येक शेतकऱ्याची रक्कम दोन्ही वेळा तीच यायला हवी. पहिली आणि तिसरी प्रत इथे नापास होते. दुसरी: एकच नोंद आधी ४३०० ला, मग ४३५० ला, रकमा वेगळ्या यायला हव्यात. चौथी प्रत पहिल्या तपासणीत पास होऊन दुसरीत पडते. पोराने ओल्या-कोरड्याची तपासणी केली होती, पण भाव बदलून पाहायचं त्याला सुचलं नाही, आणि काट्यावर तर रोज बदलणारी गोष्ट भावच असते.

पायलिंट या कोडमधल्या खोटी दाखवणाऱ्या साधनाने हे पकडलं असतं का? चौथी प्रत पकडली असती. बाहेरच्या नावावर आतलं नाव बसलं की तो डब्ल्यू ०६२१ हा इशारा देतो, पॅरामीटरलाही. अंगभूत नाव झाकलं तर डब्ल्यू ०६२२. तिसऱ्या प्रतीतल्या ग्लोबलवरही त्याचा वेगळा इशारा आहे. पहिल्या प्रतीतल्या भाव पाडत जाण्याबद्दल मात्र तो अवाक्षर काढत नाही, कारण नियमाने तिथे काही झाकलं गेलेलंच नाही. रफ नावाचं तसंच दुसरं साधन वापरत असाल तर एवढं ध्यानात ठेवा की अंगभूत नावं झाकण्याबद्दलचे त्याचे ए ००१ वगैरे नियम आपणहून चालू नसतात, निवडावे लागतात.

डब्ल्यू ०६२१ बद्दल लोकांची तक्रार असते की तो फार कटकट करतो. पायटेस्ट या तपासणीच्या साधनातल्या फिक्स्चरवर (तपासणीची तयारी करून देणाऱ्या फंक्शनांवर) तर तो ढिगाने इशारे देतो, आणि तिथे नावं तशीच ठेवायची रीत आहे. पण साध्या फाइलीत तो दर दोन ओळींना ओरडत असेल तर मी नावं बदलत बसण्याआधी हे पाहतो की फाइलीच्या पातळीवर इतकी नावं आलीच कशी. बहुतेक वेळा शेवटच्या इफ-मुख्य-वाल्या तुकड्यात, म्हणजे फाइल थेट चालवली तरच चालणाऱ्या भागात, वीस-पंचवीस ओळी उघड्या पडलेल्या असतात. त्या एका फंक्शनात टाकल्या की इशारे आपोआप ओसरतात.

कंपनीने फरकाची रक्कम कशी दिली ते थोडक्यात. त्या दुपारच्या नोंदी वजन आणि ओलाव्यासकट फाइलीत होत्याच. त्या नव्या फंक्शनमधून पुन्हा काढल्या, जुनी रक्कम, नवी रक्कम आणि फरक अशी यादी करून फळ्याशेजारी चिकटवली आणि पुढच्या चुकाऱ्यात फरक वेगळ्या ओळीत दाखवला. ओल्या दिवसाच्या पट्ट्यांसाठीही तेच केलं. संचालकांपैकी एकाचं म्हणणं होतं की यादी लावली तर बदनामी होईल. ताईंनी त्यांचं ऐकलं नाही. “लोकं तं तसंही बोलूनच राह्यले भाऊ, मंग आकडे तरी दाखवू.”

तुरीची फाइल तेवढी बाकी होती. तूर जानेवारीपासून येते, त्यामुळे वेळ होता. तिथेही दर होताच, तो याच पद्धतीने बदलला. वजनाच्या लूपमध्ये बारदान्याचं वजन वजा करताना ‘वजन = वजन - बारदाना’ असं लिहिलं होतं. ते नोंदीच्या आत प्रत्येक फेरीला नव्याने भरलं जात होतं, म्हणून रक्कम चुकत नव्हती. तरी नावं ‘ढोबळ_वजन’ आणि ‘निव्वळ_वजन’ केली, कारण पट्टीवर ती तशीच छापायची होती. एका ठिकाणी मात्र ‘सम(वजन फॉर वजन इन वजने)’ असं होतं आणि बाहेर वजन नावाचं आणखी एक व्हेरिएबल होतं. पोरगा तेही बदलायला निघाला होता. पायथन २ च्या जमान्यात अशी यादी चौकोनी कंसात काढली तर आतलं नाव बाहेर सांडायचं आणि बाहेरचं वजन बदलून जायचं. पायथन ३ मध्ये कॉम्प्रिहेन्शनचं कुंपण पक्कं आहे, ३.१२ मध्ये वेगासाठी त्याची आतली घडण बदलली तेव्हाही ते तसंच राखलं. एका ओळीत जन्मून त्याच ओळीत संपणारं नाव आहे ते. ती ओळ तशीच ठेवली.